क्वीन्सटाऊनचं हेलिकॉप्टर: वजन, वारा आणि एक मोकळा दिवस

"बॅग हातात घेऊनच उभ्या राहा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या वजनकाट्याकडे. बुकिंग करताना मी तिच्याच सांगण्यावरून ६२ किलो भरलं होतं. काट्याने ६९ दाखवले. "स्वेटर आहे ना अंगात," आई पुटपुटली. स्वेटरशिवाय पर्समध्ये स्टीलची पाण्याची बाटली होती, चिवड्याचा डबा होता आणि आकाश निरभ्र असताना एक छत्रीही होती. मुलीने काही न बोलता खरा आकडा लिहून घेतला आणि पाच मिनिटांनी आमच्या जागा बदलल्या. पायलटशेजारी बसायचं म्हणून पुण्यापासून वाट पाहत आलेले बाबा मागे गेले आणि मुळात यायलाच तयार नसलेली आई पुढे बसली.

मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहतो. आमच्याकडे येणारा पाहुणा दक्षिण बेटावर गेल्याशिवाय परतत नाही, आणि क्वीन्सटाऊनला गेला की हेलिकॉप्टरचं विचारल्याशिवाय राहत नाही. तेच ते फोनवर इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा नीट लिहूनच काढतो. पहिल्यांदाच बसणार असाल तर या क्रमाने जा.

आधी फेरी ठरवा

केदारनाथला फाटा या गावाहून हेलिकॉप्टरने गेला असाल तर तो अनुभव इथे फारसा उपयोगी नाही. ते हेलिकॉप्टर म्हणजे आकाशातली एसटी: बसा, पोचा, उतरा. इथली फेरी बघण्यासाठीच असते, त्यामुळे काय बघायचंय ते आधी ठरवावं लागतं.

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. सगळ्यात छोटी फेरी वीस-पंचवीस मिनिटांची. वाकाटिपू तलावावरून उडून समोरच्या रिमार्केबल्स या करवती डोंगररांगेवर किंवा जवळच्या एखाद्या शिखरावर पाच-दहा मिनिटं उतरवतात आणि परत आणतात. मधली फेरी पाऊण तासाच्या आसपासची, तलावाच्या उत्तर टोकाकडे, माउंट अर्न्सलॉच्या बाजूच्या हिमनद्यांवर. तिसरी मिलफर्ड साउंडची, म्हणजे कड्यांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याची, दीड-दोन तासांची. पैशांचा अंदाज म्हणाल तर छोट्या फेरीला माणशी तीनेकशे न्यूझीलंड डॉलर आणि मिलफर्डला हजाराच्या आसपास किंवा त्याहून वर धरून चाला.

माझं मत विचाराल तर बजेट बेताचं असेल तेव्हा छोटी फेरीच घ्या, पण वर उतरवणारी घ्या. न उतरता नुसती चक्कर मारून आणणारी फेरी थोडी स्वस्त पडते आणि उतरल्यावर मनात काहीच राहत नाही. डोंगरमाथ्यावर बर्फात उभं राहून खाली निळाशार तलाव बघायचा, पैसे त्याचे आहेत.

मिलफर्डचं गणित वेगळं आहे. क्वीन्सटाऊनहून रस्त्याने मिलफर्ड २९० किलोमीटरच्या आसपास पडतं, कारण मध्ये डोंगरांची भिंत आहे आणि टे अनाऊ गावावरून मोठा वळसा घालावा लागतो. जायला चार तास, यायला चार तास. हेलिकॉप्टर ती भिंत ओलांडून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचतं. तिथला मायटर पीक हा सुळका सतराशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम चाळीसेक मीटरने जास्त. आकडा ऐकून कुणी सह्याद्रीवाला प्रभावित होणार नाही. पण कळसूबाई थेट समुद्राच्या पाण्यातून उभा राहिला असता तर कसा दिसला असता, याची कल्पना करा.

मिलफर्डला छोटी विमानंही जातात. ती बरीच स्वस्त पडतात, पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं छान दिसतं. फक्त बर्फावर उतरत नाहीत. घरात चार-पाच जण असतील तर जाताना-येताना रस्ता न करता विमान घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत छोटी हेलिकॉप्टर फेरी वेगळी करावी, असा सल्ला मी देतो. तो आतापर्यंत फक्त एका मावसभावाने ऐकलाय.

महिना आणि वेळ

आपल्याकडून लोक दोनदा येतात, मुलांच्या उन्हाळी सुट्टीत किंवा दिवाळीत. इथले ऋतू उलटे. एप्रिल-मे म्हणजे इथला शिशिराच्या आधीचा, पानं पिवळी होण्याचा काळ. हवा बऱ्यापैकी स्थिर असते, जवळच्या ॲरोटाऊन गावाच्या बाजूला झाडं सोन्यासारखी दिसतात. दिवस मात्र आखूड होत जातो आणि सकाळी दरीत धुकं साचतं, म्हणून मे महिन्यात अगदी पहिली फेरी घेऊ नका, दहा-अकराची घ्या. दिवाळीच्या सुमारास इथे वसंत असतो. शिखरांवर भरपूर बर्फ, म्हणजे फोटोला झकास, पण पश्चिमेचे वारे बेभरवशाचे. डिसेंबर-जानेवारीत उजेड रात्री नऊ-साडेनवापर्यंत असतो आणि गर्दी तशीच.

आता मुख्य गोष्ट. क्वीन्सटाऊनला ऊन आहे म्हणून हेलिकॉप्टर उडेलच असं नाही. पश्चिमेकडून येणारे ढग फिओर्डलँडच्या, म्हणजे मिलफर्डच्या भागातल्या, डोंगरांवर अडतात आणि तिथेच रिकामे होतात. मिलफर्डला वर्षाला ६८०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे हिशेब आंबोलीशी. फरक इतकाच की आंबोलीचा पाऊस पावसाळ्यात येतो आणि मिलफर्डला तो वर्षभर विभागून येतो. डोंगराच्या अलीकडे, घाट ओलांडून देशावर आल्यावर जसं कोरडं व्हावं तसं, क्वीन्सटाऊनला लख्ख ऊन. त्यामुळे हॉटेलच्या गॅलरीत उभं राहून "अहो, एवढं ऊन आहे आणि रद्द कसं करता?" असं फोनवर भांडण्यात अर्थ नसतो. मी भांडलेलो आहे.

म्हणून मुक्काम तीन रात्रींचा असेल तर फेरी पहिल्या सकाळची घ्या. रद्द झाली तर दुसरा दिवस, तोही गेला तर तिसरा. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी चारची वेळ घेतली, 'गोड शेवटी' म्हणून. तीन वाजता वारा सुटला, फेरी रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं. पैसे परत मिळाले. बाबांनी तो विषय पुढची दोन वर्षं काढला.

बुकिंग करताना काय विचारायचं

हवामानामुळे कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत किंवा दुसरी वेळ, हा इथला सर्वसाधारण रिवाज. तुम्ही ऐनवेळी रद्द केली तर पैसे गेले. हे दोन्ही बुकिंगच्या अटींमध्ये वाचूनच कार्ड काढा.

कमीत कमी किती प्रवासी लागतात ते जरूर विचारा. नवरा-बायको दोघंच असाल आणि त्या फेरीला किमान चार जण लागत असतील, तर 'कन्फर्म' म्हणून आलेला ईमेल खरं तर अर्धाच कन्फर्म असतो. तिसरं-चौथं माणूस मिळालं नाही तर वेळ बदलतात.

बर्फावर किती मिनिटं थांबतात आणि नेमकं कुठे उतरवतात, हेही विचारा. बरीचशी डोंगरजमीन सरकारी संवर्धन खात्याकडे आहे आणि तिथे उतरायला परवाना लागतो, त्यामुळे कुणीही कुठेही उतरवू शकत नाही. इथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय प्रवासी घेता येत नाहीत. पर्यटनातल्या दर्जासाठी 'क्वालमार्क' नावाची खूण असते, तीही बघून घ्या.

भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात हेलिकॉप्टर सैर येते का, ते एजंटला विचारून लेखी घ्या. न्यूझीलंडमध्ये अपघाताने इजा झाली तर पर्यटकांच्याही इथल्या उपचारांच्या खर्चाचा बराचसा भार सरकारी अपघात भरपाई योजना उचलते. भारतात परत नेण्याचा खर्च किंवा बुडलेलं बुकिंग त्यात येत नाही. त्यासाठी विमाच लागतो.

वजन खरं सांगा

आमच्या आईसारखी गंमत करू नका. इथे सगळ्यात जास्त दिसणारं हेलिकॉप्टर म्हणजे एअरबसचं स्क्विरल. पायलट सोडून सहा जण बसतात, एक-दोन पुढे, चार मागे. सहा माणसं, इंधन, सामान, सगळं जोडून एका मर्यादेत बसवावं लागतं, आणि ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे सारखं विभागावं लागतं. डोंगरावर हवा विरळ असल्याने पंख्याला मिळणारा आधारही कमी होतो, त्यामुळे वर उतरणाऱ्या फेरीत हा हिशेब जास्तच काटेकोर असतो. म्हणून काटा. कपडे, बूट, कॅमेरा, पर्स, सगळ्यांसकट वजन करतात. फार जास्त वजन असेल तर काही ठिकाणी जादा आकार किंवा शेजारची अर्धी सीट घ्यावी लागते. ते आधीच विचारलेलं बरं, काउंटरवर सगळ्यांसमोर ऐकण्यापेक्षा.

याच कारणाने पुढची सीट मागून मिळत नाही. पायलट वजन बघून जागा ठरवतो. विनंती करायला हरकत नाही, हट्ट करू नका. मागच्या रांगेत मधल्या जागा पडल्या की थोडा हिरमोड होतो हे खरंय. बर्फावरून परत निघताना जागा बदलता येतील का एवढं हसून विचारावं, वजनं सारखी असतील तर कधीकधी जमतं.

अंगात काय, हातात काय

तलावाकाठी पंधरा अंश असेल तर वर पाच. तलाव समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, उतरण्याची जागा कधी दोन हजारच्या जवळ, आणि हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. केबिनमध्ये मात्र ऊब असते. म्हणून एकावर एक पातळ थर घाला, जाड कोट एकच घालून घामाघूम होऊ नका.

पायात मोजे आणि बंद बूट. चपला, सँडल घालून आलेल्यांना बर्फात पाय ठेवल्यावर काय होतं ते मी काकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ओढणी, स्टोल, मफलर, टोपी, यातलं जे काही उडू शकतं ते हेलिकॉप्टरपाशी जाण्याआधी पिशवीत किंवा जॅकेटच्या आत चेन लावून. साडी नको. गॉगल मात्र हवाच, बर्फावरचा उजेड डोळ्यांत घुसतो.

कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा किंवा केशरी शर्ट घातला की खिडकीत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि प्रत्येक फोटोत डोंगरावर तुमचाच शर्ट दिसतो. सेल्फी स्टिक आणि ड्रोन हॉटेलवर ठेवा.

बस लागणाऱ्यांनी नाश्ता हलका करावा, पण उपाशी जाऊ नये. उपाशीपोटी जास्त मळमळतं. आमच्याकडे आवळा सुपारीवर काम भागतं. ती भारतातून आणणार असाल तर विमानतळावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस फॉर्मवर जाहीर करा, अगदी सुपारीची डबीसुद्धा. इथे न सांगता खाद्यपदार्थ आणले की दंड जागच्या जागी.

पंखा फिरत असताना

हा भाग नीट वाचा, बाकीचा विसरलात तरी चालेल.

उड्डाणाआधी पाच-दहा मिनिटं सूचना देतात. कमरेला एक छोटी पिशवी बांधतात, तिच्यात लाइफ जॅकेट असतं. पाण्यावर उतरायची वेळ आलीच तर ते हेलिकॉप्टरच्या बाहेर पडल्यावर फुगवायचं, आत कधीही नाही. आत फुगवलं तर दारातून बाहेर पडताच येत नाही.

हेलिकॉप्टरकडे जायचं ते नेहमी समोरून किंवा पुढच्या कोपऱ्यातून, पायलटला दिसेल असं, आणि त्याने किंवा कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच. शेपटीकडे अजिबात जायचं नाही. मागचा छोटा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो दिसतच नाही. खरी भीती त्याची आहे. डोक्यावरच्या मोठ्या पंख्याला सगळे आपोआप घाबरतात, वाकतात, आणि वाकायलाच हवं.

बर्फाच्या उतारावर उतरलात तर चढाच्या बाजूला जाऊ नका. तिकडे जमीन वर येत जाते आणि पंखा डोक्याच्या उंचीला येतो. टोपी उडाली तर उडू द्या. तिच्यामागे धावणं हा माणसाचा स्वभाव आहे, म्हणून तर टोपी आधीच पिशवीत टाकायची. लहान मुलाचा हात कर्मचाऱ्याकडे द्या किंवा स्वतः घट्ट धरा, "तो हुशार आहे, चालेल" असं नको.

हवेत

दार लागलं, पट्टे आवळले, कानावर हेडफोन आले की आवाज एकदम दूर जातो. माइक ओठांच्या अगदी जवळ घ्या, नाहीतर तुमचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ओरडत राहता. पायलट रेडिओवर बोलत असेल तेव्हा थांबा.

जमीन सुटल्याचं कळतच नाही. विमानासारखी धावपट्टीवरची धाव नाही, पोटात गोळा नाही. पाळण्यात बसल्यासारखं हलकेच वर. आई, जी मुळात यायला तयार नव्हती, तिचं पहिलं वाक्य हेडफोनमध्ये सगळ्यांनी ऐकलं: "अगंबाई, सुटलं पण!" पायलटने त्या काय म्हणाल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्या खूश आहेत.

कड्याजवळून जाताना वाऱ्याचा हिसका बसतो, घाटात एसटी खड्ड्यात जावी तसा. घाबरू नका. मळमळलं तर खाली बघणं सोडा, दूरच्या क्षितिजावर नजर ठेवा आणि लवकर सांगा. पिशवी समोरच असते.

वर गेल्यावर तलावाचा आकार बघायला विसरू नका, तो जमिनीवरून कधीच कळत नाही. वाकाटिपू ८० किलोमीटर लांब आहे आणि मध्ये दोनदा मोडलेला. इथल्या मूळच्या माओरी लोकांची गोष्ट अशी: मताऊ नावाच्या राक्षसाने सरदाराची मुलगी पळवली. तिच्या प्रियकराने राक्षस कुशीवर झोपला असताना त्याला पेटवलं. तो जळत जमिनीत खोल गेला, त्या खड्ड्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी भरलं, तोच हा तलाव. डोकं उत्तर टोकाच्या ग्लेनॉर्चीला, दुमडलेले गुडघे क्वीन्सटाऊनपाशी, पाय दक्षिण टोकाच्या किंग्स्टनला. काळीज काही जळलं नाही, ते अजून धडधडतं, म्हणून तलावाचं पाणी दर पंचवीसेक मिनिटांनी दहाएक सेंटिमीटर वर-खाली होतं. हे वर-खाली होणं खरं आहे. बादलीतलं पाणी हिंदकळावं तसं लांब तलावाचं पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे झुलत राहतं. पण हेलिकॉप्टरातून खाली पाय पोटाशी घेऊन झोपलेला माणूस दिसतो तेव्हा राक्षसाची गोष्टच पटते. तळ ३८० मीटर खोल आहे, म्हणजे तो समुद्रसपाटीच्याही खाली जातो. एवढं पाणी आणि त्यावर धूर सोडत चाललेली ठिपक्याएवढी बोट दिसली, तर ती १९१२ पासूनची कोळशावर चालणारी अर्न्सलॉ.

पायलटला एक प्रश्न जरूर विचारा: हरणांचा. युरोपियनांनी शिकारीसाठी आणलेली लाल हरणं इथे इतकी माजली की त्यांनी डोंगर बोडके केले. १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करून मांस निर्यात करण्याचा धंदा उभा राहिला. पुढे पाळण्यासाठी जिवंत पकडायची टूम निघाली, जाळं टाकून, आणि कधी तर माणसं हेलिकॉप्टरमधून थेट हरणाच्या अंगावर उडी मारत. जवळच्या वानाका गावचे टिम वॉलिस हे त्यातलं मोठं नाव. या धंद्यात कित्येक हेलिकॉप्टर पडली, माणसं गेली. अरुंद घळीत, वाऱ्यात, उतारावर हेलिकॉप्टर कसं हाताळायचं, हे इथले पायलट त्या काळात शिकले. त्या पिढीचे किस्से सांगायला प्रत्येक पायलटला आवडतं.

फोटोचं थोडक्यात. भिंग काचेच्या जवळ न्या पण टेकवू नका, टेकवलं की थरथर फोटोत येते. पोलरायझर फिल्टर काढा, खिडकीच्या प्लास्टिकवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. मोबाइल असेल तर मनगटाला दोरी बांधा. आणि पहिली पाच मिनिटं काहीच काढू नका. ती पाच मिनिटं तलावाची असतात.

बर्फावर

पायलट सांगेल तोवर पट्टा काढू नका. कधी पंखा थांबवतात, कधी चालूच ठेवतात. चालू असेल तर ज्या जागी उभं करतील तिथून हलायचं नाही. पंखा थांबला तरी पायलटने दाखवलेल्या वाटेबाहेर जाऊ नका, बर्फाखाली फट किंवा कडेला पोकळ छज्जा असू शकतो.

वेळ थोडा असतो, म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो पायलटकडून आधी काढून घ्या, बर्फाचे गोळे नंतर. पंखा थांबल्यावर जी शांतता येते ती मात्र बोलून घालवू नका. आम्ही सातजण होतो, पायलट धरून, आणि मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग बाबांनी खिशातून चिवड्याची पुडी काढली. काउंटरवर आईच्या पर्समधला डबा ठेवून घेतला होता, त्याआधी त्यांनी मूठभर खिशात सरकवला होता. पायलटनेही घेतला, तिखट लागला, आणि परतीच्या वाटेवर त्याने बाबांना पुढे बसवलं.